तांब्यातलं मांजर आणि अनसाबाईचं बोट

कारेगावात अनसाबाईची खानावळ विचारली तर कुणी पत्ता सांगत नसे. "भाकरीच्या थापा ऐकू येतील तिकडं जा," एवढंच म्हणायचे. आवाजावरून घर सापडावं अशा बायका त्या वस्तीत दोनच होत्या. दुसरी शेजारची धुरपदा, पण तिचा आवाज तोंडाचा.

अनसाबाई मूळची केंदूरची, मेंढरंवाल्याच्या घरातली. नवरा हरिबा होता तोवर चार महिने गावात आणि आठ महिने कळपामागं. उघड्या माळावर, वारा अंगावर घेत, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करून करून तिचा हात असा तयार झाला होता की पिठाचा गोळा परातीत पडला की त्यालाच कळायचं आपण कुठवर पसरायचं ते. पुढं हरिबा गेला. मेंढरं विकली. लेक म्हाळूनं विहिरीवर कांदा लावला आणि हर्षदा नावाची सून घरात आणली.

आता लोकांची फार इच्छा होती की ही सून कजाग निघावी. निदान बोलायला तरी काही मिळालं असतं. पण हर्षदा चांगली निघाली, आणि तिथंच सगळं बिघडलं. अनसाबाईनं खराटा उचलला की सून यायची, "आत्या, तुम्ही बसा." परातीला हात लावला की, "आत्या, तुम्ही बसा." दीड वर्षात अनसाबाई एवढी बसली की तिचे गुडघे सोडून बाकी सगळं दुखायला लागलं. एका सकाळी तिनं तवा, परात आणि उलथणं पोत्यात घातलं, जीपमध्ये बसली आणि कंपन्यांच्या रस्त्याला कारेगावात एक पत्र्याची खोली घेतली. कंपन्यांत काम करणारी बावीस पोरं दोन वेळा जेवायला येऊ लागली.

म्हाळूला हे लागलं. आईनं खानावळ घालावी म्हणजे गावात काय तोंड दाखवायचं. भावकीतले दोन म्हातारे घेऊन तो आला. तेव्हा अनसाबाई त्या दोघांच्या देखत बोलून गेली, "ज्या दिशी माझ्या हातानं भाकर व्हायची न्हाई, त्या दिशी तू बोलवायच्या आधी केंदूरला येऊन बसंन."

म्हाळूनं तो शब्द जपून ठेवला. दर गुरुवारी ज्वारीचं पीठ घेऊन यायचा, पोतं उतरवायचा आणि आईच्या हाताकडं असा बघायचा की जसा काही मोटारसायकलचा टायर बघतोय, अजून किती दिवस जाईल.

ही झाली दोन हजार एक सालापर्यंतची गोष्ट. त्या सालच्या एका मंगळवारी मांजरीनं तांब्यात तोंड घातलं.

पण त्याआधी डब्याचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अनसाबाईकडं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यात बिस्किटं कधीच नव्हती. खानावळीतल्या पोरांना ताप, खोकला, जखम, काही ना काही व्हायचं. डॉक्टर पाच दिवसांची औषधं द्यायचे. दोन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या मावशीच्या डब्यात. पुढच्या आजाऱ्याला मावशी त्यातून द्यायची. पाची दिवस गोळ्या खाणारा माणूस अनसाबाईला उधळ्या वाटे. तिची वाटणीही पक्की होती: लाल-काळी कॅप्सूल जखमेची, पिवळी पोटाची, पांढरी तापाची. कुठली गोळी कशाची हे ज्यानं बनवली त्यालाही इतकं खात्रीनं सांगता आलं नसतं. पोरं म्हणायची, मावशीच्या डब्याला गुण आहे. गुण होता तो पोरांच्या वयाचा, पण नाव डब्याचं झालं.

तर त्या मंगळवारी, सकाळच्या पाळीची पोरं जेवून उठत होती. खोलीत उंदीर होते म्हणून अनसाबाईनं एक तांबडी मांजर ठेवली होती. त्या बयेनं ताकाच्या तांब्यात तोंड घातलं आणि ते अडकलं. मग तांब्यासकट मांजर भिंतीभिंतीवर आपटत फिरायला लागली. पोरं बाहेर पळाली. महेंद्र तेवढा दारात थांबला. हा दौंडचा पोरगा, एका कंपनीच्या टूलरूममध्ये, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाचं माप घेणारा. तो दाराबाहेर एक पाय ठेवून सल्ला देत होता.

"मावशी, तेल सोडा कडंनं. आन् हळूच फिरवा, आटे सोडवल्यावानी."

"तू ये की मग फिरवाया."

"मी न्हाई. मी फक्त माप सांगतो."

अनसाबाईनं मांजर धरली. कशी धरली, तर मेंढरू कातरताना धरतात तशी. ढुंगणावर बसवायचं, पाठ आपल्या पोटाशी, दोन गुडघ्यांत आवळायचं. तिनं जन्मात हजारो मेंढरं अशी धरली होती. या धरण्यात मेंढरू गप्प होतं, डोळे मिटून घेतं, जणू काही त्याला कुणी पोथी वाचून दाखवतंय. मांजराला मात्र हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तेल सोडलं, तांब्या फिरवला, तो निघाला, आणि मोकळं झाल्या झाल्या ते तोंड अनसाबाईच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला, अंगठ्याशेजारच्या, मुळाशी बसलं. जाताना मनगटापर्यंत चार ओरखडे काढून गेली ते वेगळं.

रक्त फार आलं नाही. दोन बारीक भोकं, टाचणी टोचल्यासारखी. अनसाबाई हात धुऊन पुन्हा परातीकडं वळत होती, पण दारात धुरपदा येऊन उभी होती. ती म्हणाली, "अगं, मांजर चावलं की मानूस येडं होतं. आमच्या भावकीत एकजन भिताडं चाटायचा." तेवढं ऐकून महेंद्रनं मावशीला दवाखान्यात नेलं.

दवाखाना चार घरं पलीकडं होता. डॉक्टरीण नवी होती, गौतमी नावाची, तीही दौंडची. महेंद्रच्या बहिणीच्या वर्गातली, म्हणून महेंद्र तिच्यासमोर उगाच सरळ उभा राहायचा. तिनं पहिल्यांदा अनसाबाईला नळाखाली उभं केलं आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणानं हात धुवायला लावला.

"मला काय भांडी घासाया बोलावलंय का?" अनसाबाई म्हणाली.

"मावशी, हे धुणं म्हणजे अर्धं औषध आहे."

मग धनुर्वाताची सुई दिली. पिसाळण्याच्या सुया पाच, दंडात, तारखा लिहून दिल्या. अनसाबाई पोटात चौदा सुया टोचणार म्हणून कमरेला पदर आवळून आली होती, ती एकदम सैल झाली. मग डॉक्टरणीनं बोट दाबून बघितलं, वाकवून बघितलं आणि लांबट पांढऱ्या दहा गोळ्यांची पट्टी पुढं ठेवली.

"हे ओरखडे नुसते धुतले तरी भागेल. प्रत्येक ओरखड्याला मी गोळ्या देत नाही. पण हा दात सांध्याजवळ गेलाय. मांजराचा दात सुईसारखा असतो, वरचं भोक संध्याकाळपर्यंत मिटेल आणि तोंडातली घाण आत कोंडून राहील. अजून काही झालेलं नाही. होऊ नये म्हणून या गोळ्या. सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस, एकही सोडायची नाही. आणि हे वेढणं आत्ताच काढून ठेवा, सूज आली तर अडकेल."

वेढणं चांदीचं, हरिबाचं. तिच्या बाकीच्या बोटांत ढिलं व्हायचं, म्हणून तिनं ते या जाड बोटात घातलं होतं. हरिबाला माती दिली त्या दिवसापासून उतरलं नव्हतं.

"काढते घरी जाऊन," अनसाबाई म्हणाली, आणि तिथंच सगळ्या दवाखान्याला कळायला हवं होतं की ही काढत नाही.

एक गोळी तिनं डॉक्टरणीसमोर गिळली. घरी येईस्तोवर तिनं मनाशी हिशेब लावला. सुया घेतल्यात. सुई म्हणजे मोठं औषध. मोठं घेतल्यावर धाकटं कशाला? आणि न झालेल्या दुखण्याची गोळी खायची म्हणजे न आलेल्या पाव्हण्याला ताट वाढायचं. नऊ गोळ्या डब्यात गेल्या.

डब्यात गेलेली गोळी फार काळ राहत नसे. संध्याकाळी महेंद्रची हिरडी सुजली होती, त्याला चार दिल्या. एकाला सर्दी होती, त्याला तीन. राहिलेल्या दोन धुरपदा गुडघ्यासाठी घेऊन गेली. पोरांनी जेवताना थट्टा केली, "मावशी, जरा म्याव करून दावा, मंजी सुई लागू पडली का कळंल." अनसाबाईनं त्या पोराच्या ताटात भाजी कमी वाढली.

बुधवारी सकाळी बोट लाल झालं होतं.

तिनं पिठात हात घातला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. थापायला हात उचलला की बोटाच्या मुळापासून कळ निघायची आणि मनगटात जाऊन बसायची. तिनं दात आवळून बावीस जणांच्या भाकरी केल्या. पोरं म्हणाली, "मावशी, आज भाकर जाड झाली." ती म्हणाली, "जवारीच नवी हाय." दुपारी बोट वेढण्याच्या दोन्ही बाजूंनी फुगलं. आता तिनं वेढणं काढायला साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळला. नाही निघालं. मग डबा उघडला. लांबट पांढरी एकही नव्हती. तापाची एक गिळली, पिवळी एक गिळली, एकीनं भागलं नाही तर दुसरी असावी म्हणून. आणि लाल-काळी कॅप्सूल फोडून तिची भुकटी त्या दोन भोकांवर ओतली, मेंढराच्या जखमेत हळद भरतात तशी दाबून भरली, आणि वरून चिंधी करकचून बांधली. भोकं तर केव्हाच मिटली होती. भुकटी बाहेर आणि दुखणं आत, मधे कातडं.

दवाखाना चार घरांवर होता. तिनं दोनदा चप्पल घातली. पण डॉक्टरीण विचारणार, गोळ्या किती खाल्ल्या. ते एक. ती म्हणणार, या हातानं आता काम नको. ते दोन. आणि ते धुरपदाच्या कानावर जाणार, धुरपदा केंदूरच्या जीपवाल्याला सांगणार, आणि दिवस मावळायच्या आत म्हाळू दारात. म्हाळू म्हणजे केंदूर. केंदूर म्हणजे बाज. बाजेवर ती, आणि वरून सुनेचा गोड आवाज, "आत्या, तुम्ही बसा." तिनं दोन्ही वेळा चप्पल काढून ठेवली.

संध्याकाळी तिनं भाकरी डाव्या हातानं थापल्या आणि उजवा नुसता वर धरून ठेवला. पोरं दमून आलेली असतात, कुणाचं लक्ष गेलं नाही. हे तिचं नशीब चांगलं की वाईट, ते तिलाच ठरवता आलं नाही.

गुरुवार उजाडला तो अंगात ताप घेऊन. आणि गुरुवार म्हणजे म्हाळूचा वार.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला तेव्हा ती परातीपुढं होती. तिला दुसरं काही सुचलं नाही. तिनं चिंधी ओरबाडून काढली आणि उजवा हात मनगटापर्यंत भिजवलेल्या पिठात खुपसला. म्हाळू पीठ घेऊन आत आला, पोतं भिंतीला लावलं आणि नेमका त्या दिवशीच पाटावर बसला.

"आये, भूक लागलीय. एक भाकर टाक, खाऊन जातो."

"व्हय. पीठ जरा मुरू दी."

"जवारीचं पीठ कवापासनं मुरवाया लागलीस?"

"हितल्या पान्याला मुरवावं लागतं."

म्हाळू बसला. कांद्याचं सांगू लागला. रोप कसं बसलं, पाणी कसं कमी पडतंय. अनसाबाई हुं हुं करत होती. थंड पिठात हात बरा वाटेल असं तिला वाटलं होतं, पण आतला हात एवढा तापला होता की पीठच कोमट झालं. कळ आता कोपरापर्यंत आली होती. हात बाहेर काढावा तर लेक बघणार. आत ठेवावा तर भाकर होणार नाही, आणि भाकर झाली नाही तर लेकाला काय ते कळणारच. मांजरीची जी गत परवा झाली होती ती आज तिची: आत शिरताना वाट होती, निघताना नव्हती. चुलीवरचा तवा तापून धूर सोडायला लागला.

"आये, तवा जळतोय."

"जळू दी."

"तुझं तोंड लाल का झालंय?"

"चुलीम्होरं गोरं व्हईल व्हय?"

तेवढ्यात धुरपदा आली. तिला यायला वेळ लागला असता तर ती धुरपदा कसली. दारातूनच म्हणाली, "अनसाबाई, परवाच्या त्या दोन पांढऱ्या गोळ्यांनी गुडघा काय मऊ पडलाय म्हनतेस. आनखी हायेत का? आन् हात कसा हाय गं? मांजराचं दात लई वाईट." मग तिला पाटावरचा म्हाळू दिसला. "आरं, तू कवा आलास?" असं म्हणून ती दारातच खाली बसली, कारण आता उठून जाणं म्हणजे नाटकाच्या मधून उठणं होतं.

म्हाळू पाटावरून उठला. पुढं सरकला आणि परातीची कड धरली.

"आये, हात काढ."

"पिठाचा हाय."

"काढ."

तिनं काढला. पीठ चिकटलेलं होतं म्हणून आधी नीट कळलंच नाही की हात कुठं संपतो आणि गोळा कुठं सुरू होतो. म्हाळूनं तांब्याभर पाणी ओतलं. बोट जांभळट, दुप्पट, आणि वेढणं दिसेनासं झालेलं, नुसती एक खाच. मनगटावरून कोपराकडं एक लाल रेघ गेली होती, कुणी शाईनं ओढावी तशी. धुरपदाही गप्प झाली, यावरून काय ते समजावं.

महेंद्रची त्या दिवशी सुट्टी होती, हिरडी दुखते म्हणून तो दौंडला गेला नव्हता. गाल धरून आला, बोट बघितलं, आणि खोलीवर पळत जाऊन आपली पत्र्याची पेटी घेऊन थेट दवाखान्यात पोचला; तोवर म्हाळूनं आईला तिथं आणलं होतं.

डॉक्टरणीनं हात बघितला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं अनसाबाईला वाटलं.

"गोळ्या किती खाल्ल्या?"

"एक."

"आणि बाकीच्या नऊ?"

अनसाबाईनं दाराकडं बघितलं. शेवटी महेंद्र सरळ उभं राहून म्हणाला, "चार माझ्यात हायेत, मॅडम." धुरपदा दारातून हळूच म्हणाली, "दोन गुडघ्यात."

डॉक्टरणीनं त्या दोघांकडं बघितलं. "चार खाऊन तू बरा झालास का?"

"न्हाई, मॅडम."

"ह्यांनी दहा खाल्ल्या असत्या तर बहुतेक इथं आल्या नसत्या. परवा त्या गोळ्यांचं काम सोपं होतं. आता आत पू आहे, बोट उघडून धुवावं लागणार. आधी वेढणं काढा, बोटाला रक्त मिळत नाहीये."

वेढणं तोडायचं हत्यार तिच्याकडं नव्हतं. महेंद्रनं पेटी उघडली. त्यात फटी मोजायच्या पातळ पोलादी पट्ट्या होत्या, कागदाहून बारीक. त्यातली सगळ्यांत पातळ पट्टी तेल लावून त्यानं वेढणं आणि कातडं यांच्या मधे सरकवली, म्हणजे खाली कापणार नाही, आणि बारीक कानशीनं वर घासायला लागला. त्याचा हात हलत होता की नाही हेही कळत नव्हतं. अनसाबाईनं तोंड भिंतीकडं केलं.

"परवा मांजरीच्या वक्ताला कुठं गेलं होतं हे कसब?" ती भिंतीला म्हणाली.

"परवा मांजर जित्ती होती, मावशी."

"आन् मी?"

"तुम्ही चावत न्हाई. नुसतं बोलता."

वेढणं दोन ठिकाणी तुटलं. ते दोन तुकडे म्हाळूनं उचलले, बघितले आणि खिशात ठेवले. बापाचं होतं ना.

शिरूरला एका दवाखान्यात बोट उघडलं, धुतलं, उघडंच ठेवलं, परत धुतलं. पांढऱ्या गोळ्यांत जे होतं तेच आता बाटलीतून शिरेत जात होतं, आठ दिवस, आणि अनसाबाई खाटेवर पडून थेंब मोजत होती. मोजताना तिच्या मनात हिशेब चालायचा की एका बाटलीत किती गोळ्या बसत असतील. पिसाळण्याच्या राहिलेल्या सुया डॉक्टरणीच्या चिठ्ठीप्रमाणं तिथंच वेळेवर झाल्या. हात वाचला. बोट वाचलं. पण वाकेना. मोठा डॉक्टर म्हणाला, आत चिकटलंय, गरम पाण्यात घालून रोज वाकवत राहा, थोडं येईल, पूर्ण येणार नाही.

तिथून म्हाळूनं जीप कारेगावाकडं वळवलीच नाही. अनसाबाईनंही विचारलं नाही. शब्द तिचाच होता.

केंदूरला बाज तयार होती, चादर धुतलेली. "आत्या, तुम्ही बसा," हर्षदा म्हणाली, आणि अनसाबाई बसली.

सून घरी आणलेल्या गोळ्या वेळेवर द्यायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक गोळीची फुली. गोळी दिल्यावर उभी राहायची. "तोंड उघडा, आत्या. जीभ वर करा." अनसाबाईला लपवायला एकही गोळी सापडली नाही. दुपारी बायका बघायला यायच्या. ते पहिलं बोट सरळ ताठ राहिलं होतं, त्यामुळं ती नुसता हात मांडीवर ठेवून बसली तरी कुणाकडं तरी दाखवल्यासारखं व्हायचं. एक बाई तर रागावून गेली. म्हणाली, मी काय केलंय म्हणून माझ्याकडं बोट करते. अनसाबाईनं हात पदराखाली घेतला आणि तिथंच ठेवला. दिवस मावळेपर्यंत तिला कोंबड्या बघायच्या, आणि कोंबड्या झाकल्या की दिवस संपला. कोंबडीला निदान दार उघडल्यावर कुठंही जाता येतं.

आठवड्यानंतर एका पहाटे ती सगळ्यांच्या आधी उठली, चूल पेटवली आणि गोळा घेतला. सवयीनं उजवा हात पडला. बोट वाकत नव्हतं, ते भाकरीत सुरीसारखं घुसलं आणि भाकर फाटली. तिनं ती म्हशीला घातली. दुसऱ्या दिवशी अंगठा मुडपून थापली, तीही फाटली. चौथ्या दिवशी तळहाताच्या खालच्या मांसल भागानं आणि डाव्या हातानं फिरवत नेली. भाकर पसरली. फक्त ज्या बाजूला ते बोट वर उभं राहायचं, तिथं थाप पोचायची नाही, आणि कडेला चंद्रकोरीएवढी चेप राहायची. तव्यावर टाकली तर फुगलीही, पण तीन हिस्से. चौथा तसाच निजून. अनसाबाईनं ती उलथण्यावर धरून बराच वेळ बघितली आणि तीही म्हशीला घातली. म्हैस त्या महिन्यात सुखात होती.

महेंद्र एका सुट्टीला केंदूरला आला. पोरं दुसऱ्या खानावळीत जातात, तिथं भाकर अशी की चावताना हिरडी परत सुजली, असं काय काय सांगत बसला. हिरडीसाठी आता डॉक्टरणीकडं जाऊन पाच दिवसांच्या गोळ्या पाच दिवस खाल्ल्या, हेही त्यानं सांगितलं, आणि सांगताना बसल्या जागी सरळ झाला. पिशवीतून तो डबा काढला.

"हा कुनाकडं ठेवायचा म्हनून भांडनं व्हायला लागली. तुमचा तुम्हाला."

"आता जेवून जा," म्हाळू म्हणाला. "हर्षदा, भाकरी टाक."

हर्षदा जागची हलली नाही. "आत्या टाकतील," ती म्हणाली.

अनसाबाईनं वर बघितलं. सून म्हणाली, "म्हशीचं दूध काढताना मला रोज गव्हाणीत भाकर दिसते, आत्या. म्हशीनं तर केली नसंल."

अनसाबाई उठली. कुणी बसा म्हणालं नाही. गोळा घेतला, थापला, बोट वर उभं, तव्यावर टाकली. भाकर तीन हिस्से फुगली. ती महेंद्रच्या ताटात पडली. त्यानं तुकडा मोडला, खाल्ला. म्हाळू त्याच्या तोंडाकडं बघत होता.

"काय? झाली का भाकर?"

"पयल्यासारखी न्हाई," महेंद्र म्हणाला. मोजमापात खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "एका बाजूनं चेपल्याली हाय. पन भाकर हाय."

"चेपल्याली म्हंजी न झाल्याली," अनसाबाईच म्हणाली, आणि परातीवर पाणी मारून ती आवरायला लागली.

हर्षदानं उरलेली अर्धी भाकर उचलली, कडेचा चेपलेला भागच मोडून तोंडात टाकला आणि चावत चावत म्हणाली, "भाकर व्हायची न्हाई त्या दिशी येईन, असं म्हनाला होता तुम्ही. गोल व्हायची न्हाई असं कुठं म्हनाला होता? दोन मानसं होती की साक्षीला."

म्हाळू बायकोकडं बघतच राहिला. दीड वर्षं आणि वर हा महिना, चुलीपुढची एकच जागा त्या दोघींनी कशी वाटून घेतली असेल, हे त्याच्या ध्यानात आजवर आलं नव्हतं. आताही आलं की नाही सांगता येत नाही. तो एवढंच म्हणाला, "गुरुवारी पीठ घेऊन मीच येनार."

"तू येनारच," अनसाबाई म्हणाली. "तुला हात बघायचा आसतो."

ती कारेगावला परत आली, पण आपली सुटका झाली असं काही तिला म्हणता येत नाही. बावीस जणांच्या भाकरी आता त्या हाताला झेपत नाहीत. निम्म्या धुरपदा करते. म्हणजे सकाळ-संध्याकाळ त्या पत्र्याच्या खोलीत, दार एक, खिडकी नाही, चुलीच्या दोन्ही बाजूंना दोघी, आणि मधे धुरपदाचं तोंड. कधी कधी अनसाबाईला केंदूरची बाज आठवते, निदान तिथं शांतता होती.

डबा फळीवर आहे, त्यात सुया, दोरा आणि पोरांची तुटलेली बटणं असतात. कुणाला डॉक्टरणीनं गोळ्या दिल्या तर त्या पोराला रोज मावशीपुढं गिळाव्या लागतात, शेवटची संपेपर्यंत. बरं वाटतंय म्हणून चालत नाही. "तोंड उघड. जीभ वर कर." आणि त्या वेळी ते ताठ बोट नाकासमोर असं उभं असतं की पोरगं पाणी न पिताच गिळतं.

वेढण्याचे दोन तुकडे म्हाळूनं सोनाराकडून जोडून आणले. आता ते त्या बोटात जात नाही, सांध्यापाशी अडतं. ती गळ्यातल्या दोऱ्यात ओवते.

परवा खानावळीत एक नवा पोरगा आला, पहिलीच भाकर उलटसुलट करून म्हणाला, "मावशी, ही एका कडंला चेपल्याली का?"

अनसाबाई थापत होती. दुसरी भाकर तव्यावर टाकून तिनं हात झटकला, तेव्हा ते बोट आपोआप चुलीमागं वळलं. तिथं तांबडी मांजर पोट वर करून झोपली होती.